मंगळवार पेठ ते रंकाळा, जायच्या आधीचा एक रविवार

नवऱ्याची बदली नागपूरला झाली हे डिसेंबरात कळलं आणि एक जानेवारीला तो तिकडं हजर पण झाला. मागं राहिलो मी, चार वर्षांची लेक आणि घरभर सामान. माझं माहेर मंगळवार पेठ, सासर राजारामपुरी, म्हणजे लग्न होऊनसुद्धा मी गाव काही सोडलं नव्हतं, शाळा कॉलेज नोकरी सगळं कोल्हापुरातच, चौतीस वर्षं. त्यामुळं गाव सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. बाकी सगळ्याची यादी होती, गॅसचं कार्ड, बँकेचा पत्ता, लेकीच्या शाळेचा दाखला, भांड्यांच्या पेट्या किती. एका रात्री त्याच यादीच्या खाली मी सहज लिहिलं, "कोल्हापूर बघणे". लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले.

कारण पाहुणे आले की गाव दाखवायला मीच जायचे. अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा, चप्पल लाईन, मग पन्हाळा जोतिबा, हे मला डोळे झाकून येतं. पण दुसऱ्याला दाखवताना आपण बघत नसतो, आपलं लक्ष पार्किंगकडं, पोरांकडं, पाहुण्यांना भूक लागली का इकडं. मी कागद घेऊन तीन रकाने केले: पाहुण्यांना दाखवते ते, माझं स्वतःचं, आणि कधीच बघितलं नाही ते. पहिल्या रकान्यात सात नावं आली. दुसऱ्यात एकोणीस, त्यात शाळेमागची बोळ आणि एक झेरॉक्सचं दुकान पण होतं. तिसऱ्या रकान्यात मात्र टाऊन हॉलचं म्युझियम आलं, ब्रह्मपुरी आली, आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण टाऊन हॉलवरनं मी रोज कामाला जायचे.

ठरवलं होतं दोन दिवस, शनिवार-रविवार. पण सामान नेणाऱ्या कंपनीनं गाडी अचानक दोन दिवस अलीकडं ओढली आणि शनिवार पेट्या बांधण्यातच गेला, तेव्हा मला फार राग आला होता. कुणी गाव सोडणार असेल त्यानं हे पेट्या बांधायच्या आधी करावं, महिनाभर आधी, शेवटच्या आठवड्यात अंग पण थकलेलं असतं आणि डोकं सगळं कुलुपं-किल्ल्यांत असतं.

एकच दिवस म्हटल्यावर निम्म्या नावांवर काट मारली. चालत जायचं हे नक्की होतं म्हणून पन्हाळा, जोतिबा आपोआप गेले. न्यू पॅलेस पण गाळला, ते मनाला लागलं, त्या काळ्या दगडाच्या राजवाड्यावर माझा जीव आहे, पण तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथं गेलं की अर्धा दिवस गेला. रात्री माहेरी आले लेकीला आईजवळ ठेवायला, आण्णा कागद बघत होते. आण्णा म्हणजे माझे वडील, वय बहात्तर, शाहू मिलमधले कामगार, मिल २००३ ला बंद पडली तोपर्यंत तिथंच. म्हणाले,

"एकटीच जाणार व्हय?"

"चालत जाणार हाय आण्णा. तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा हाय नव्हं? कट्टं हाईत की गावात. बसत बसत जाऊ."

पहाटे पाचला निघालो. मिरजकर तिकटीवरनं बिनखांबी गणेश मंदिर, तिथनं महाद्वार रोड. जानेवारीची थंडी, आण्णांच्या डोक्याला मफलर, हातात ती जुनी सायकलच्या दुकानातली पिशवी ते कुठंही नेतात. महाद्वार रोड दिवसा चालायला जागा नसते इतका भरलेला असतो, पहाटे मात्र सगळी शटर खाली, फुलवाली एक मावशी पाणी शिंपडत होती आणि समोर महाद्वार तेवढं उजेडात.

अंबाबाईची मूर्ती पश्चिमेकडं तोंड करून आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण त्याचा अर्थ मी त्या दिवशी उभी राहून बघितला. किरणोत्सव होतो तो त्यामुळंच. नोव्हेंबरात आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातनं शिरतात, गरुड मंडपातनं सरळ गाभाऱ्यात, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी तोंडावर, मधे एखादी नवी बिल्डिंग किंवा ढग आला की तेवढ्यावरनं पण अडतं. कुणी बांधलं त्यांनी सूर्याचा, रस्त्याचा आणि देवीच्या उंचीचा हिशोब घातला आणि तो आजपर्यंत बरोबर येतोय. मी महाद्वाराच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि आत बघितलं, तर एका रेषेत ती लांबवर समई दिसत होती. इतक्या वर्षांत मी त्या उंबऱ्यावर थांबले नव्हते कधी, कायम रांगेत घुसायची घाई. ३१ जानेवारीला मी नागपुरात असणार हे तेव्हा डोक्यात आलं आणि घशाशी आलं काहीतरी. आण्णांनी बघितलं, बोलले नाहीत, फक्त आत गेल्यावर ओटीचं ताट माझ्या हातात दिलं.

घाटी दरवाज्यातनं बाहेर पडलो, जोतिबा रोड, पापाची तिकटी, गंगावेश. बाहेरच्या माणसाला ही नावं सांगितली की ते हसतात, पापाची तिकटी म्हणजे काय म्हणून. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, हा शब्द नागपुरात कुणाला कळेल का माहीत नाही. तसंच माझं बोलणं. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना "मी आलो, मी गेलो, मी जेवलो" म्हणतो, लिहिताना शाळेतल्यासारखं आले-गेले लिहितो पण तोंडात आलो-गेलोच. फोनवर नवरा सांगत होता, तिकडं तुझ्या बोलण्याकडं सगळे बघतील. बघू देत. मी काही बदलणार नाही.

गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी तिथं रस्त्याकडंला उभ्या असतात आणि समोर धार काढून ग्लास हातात देतात, तापवणं नाही, साखर नाही काही नाही. तालमीतली पोरं येऊन उभ्या उभ्या पितात. मी लहान असताना आण्णा मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून इथं आणायचे, आणि मला ते दूध मुळीच आवडायचं नाही, कोमट आणि म्हशीचा वास. परवा बऱ्याच वर्षांनी प्याले. ग्लास हातात आला तेव्हा वरती चार बोटं फेस होता आणि थंडीत त्यातनं वाफ येत होती, ग्लास बाहेरनं गरम, म्हणजे म्हशीच्या अंगाची ती ऊब. फेस ओठावर फुटतो त्याचा बारीक आवाज येतो, तो आवाज मी विसरले होते. खाली दूध जड आणि गोडसर. वास तोच. सगळा ग्लास संपवला, आण्णांनी तर दोन मारले. धार काढणारे मामा माझ्या हातातला मोबाईल बघून आण्णांना विचारत होते, "पावण्यांना दाखवायला आणलंय?" आण्णा म्हणाले, "लेक हाय माझी." एवढंच.

तिथनं शुक्रवार गेटकडनं पंचगंगा घाट. घाटावर पोचलो तेव्हा नुसतं धुकं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, पाण्यातली देवळं आणि दीपमाळा अर्ध्या अर्ध्या दिसत होत्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशी पंचगंगा. आण्णा पायरीवर बसले आणि मी खाली गेले पाण्याला हात लावायला. कोल्हापूरच्या माणसाचं या नदीशी नातं फुटांत असतं. जुलै आला की कुणीही भेटलं, रिक्षावाला असो नाहीतर डॉक्टर, पहिला प्रश्न, "किती फूट झालं?" राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं बारक्या पोराला पण पाठ. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, आणि माझ्या मावशीचं घर शुक्रवार पेठेत, तिच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यावरच्या सहाव्या पायरीवर अजून खूण केलेली आहे. मी आणि माझा भाऊ तेव्हा तालमीच्या पोरांबरोबर भाकरी बांधायला बसलो होतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, घराघरातनं भाकरी यायच्या, कोण कुणाच्या जातीचं धर्माचं कुणी विचारलं नाही. घाटावर बसून हे सगळं आठवत होतं आणि समोर ती नदी इतकी गप्प की वाटावं हिनं कधी काही केलंच नसेल.

ऊन यायला लागलं तसे शिवाजी पुलावर गेलो. जुना पूल ब्रिटिशांच्या काळातला, दगडी कमानींचा, एकोणिसाव्या शतकातला, शेजारी आता नवीन झालाय. पुलावरनं मागं वळून बघितलं की एक टेकाड दिसतं, घरं दाटीनं बसलेली, तीच ब्रह्मपुरी. तिसऱ्या रकान्यातलं एक नाव. आम्ही बोळातनं वर गेलो, तर तिथं बघायला काय आहे, काहीच नाही म्हणा, घरं, गाड्या, वाळत घातलेले कपडे. पण याच मातीत १९४५-४६ साली सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव सापडलं. कोल्हापूरचं सगळ्यात जुनं घर कुठलं असं कुणी विचारलं तर बोट इथं दाखवायचं. एका आजीनं दारातनं विचारलं कुणाकडं आलाय, मी म्हटलं असंच बघायला आलो, त्या म्हणाल्या "काय बघाया? बस की, चहा घे." घेतला. आण्णांच्या गुडघ्याला तेवढाच आराम.

टाऊन हॉल उघडेपर्यंत तिथल्या बागेत बसलो. सकाळचा तो भाग मला सगळ्यात आवडला खरं सांगायचं तर. मोठमोठी झाडं, तोफा, समोर सी.पी.आर. दवाखान्याची गडबड आणि आत एकदम शांत. ही इमारत १८७२ ते १८७६ ला बांधली, मेजर चार्ल्स मँट यांनी, न्यू पॅलेसचं काम पण त्यांचंच. आण्णा पंचेचाळीस वर्षं या इमारतीवरनं सायकल मारत गेलेत आणि आत कधी गेलेले नाहीत. मी विचारलं का हो, म्हणाले, "कामाच्या कपड्यावर कसं जायचं, म्हणून राहिलं. मग राहिलंच."

तिकीट काढून आत गेलो. एका काचेच्या कपाटासमोर मी थांबले ती थांबलेच. ब्राँझची बारकी मूर्ती, वीतभरसुद्धा नाही, उभा पुरुष, एक हात वर, वरच्या हातात काहीतरी असणार ते आता नाही. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, ब्रह्मपुरीत सापडलेला. शेजारी ब्राँझचा हत्ती, त्याच्यावर माणसं बसलेली. म्हणजे आम्ही तासाभरापूर्वी जिथं चहा पीत होतो तिथं दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरात हा देव होता, कोकणातल्या कुठल्यातरी बंदरात जहाजातनं उतरला, बैलावर घाट चढला आणि इथं आला. मूर्तीच्या छातीवरचे, पोटावरचे स्नायू इतके नीट आहेत की आण्णा काचेला नाक लावून बघत होते. ते तालमीत गेलेले, त्यांचं लक्ष तिकडंच. म्हणाले, "अंग बघ कसं कमावलंय. पैलवानच हाय." मग जरा वेळानं हळूच, "हा दर्यातला देव. कुठनं कुठं आला बघ. आणि तू नागपूरला जाताना रडालीयास."

मी पहाटेपासून रडले नव्हते, तिथं रडले. रखवालदार बिचारा दुसऱ्या दालनात निघून गेला.

दसरा चौक दोन मिनिटांवर. शाहू महाराजांचा पुतळा, आणि चौकाच्या आजूबाजूला बोर्डिंगं, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग. महाराजांनी एकेका समाजाच्या पोरांना शिकायला राहायची सोय करून दिली, पहिलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं, आणि २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या जातींसाठी नोकरीत पन्नास टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला. शाळेत हे पाच मार्कांचं उत्तर होतं. आमच्या घरात मात्र ते उत्तर नाही, आमचं घरच त्याच्यामुळं आहे. आण्णांचे आजोबा भुदरगड तालुक्यातले, घरात कुणी शिकलेलं नाही, त्यांचा थोरला मुलगा बोर्डिंगात राहून शिकला आणि त्यानं मग धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या आजोबांना, गावातनं इथं आणलं मिलच्या कामाला. आण्णा पुतळ्यासमोर चप्पल काढून उभे राहिले, ते कायम तसंच करतात, मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी चप्पल काढली. दसऱ्याला याच चौकात सोनं लुटायला सगळं गाव गोळा होतं, माझा एक सॅंडल २०११ च्या दसऱ्याला इथंच हरवला.

बिंदू चौकात जास्त वेळ थांबलो नाही, ऊन चढलं होतं, पण तिथं एक गोष्ट मला लेकीसाठी बघून ठेवायची होती. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे तिथं शेजारी शेजारी आहेत, ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्यांच्या हयातीत उभारलेला त्यांचा पुतळा, आणि तो आमच्या गावात. लोक त्याच्याभोवती रिक्षा लावतात, मटार विकतात, मला ते बरं वाटतं, पुतळा माणसांत आहे. लेक मोठी झाली की तिला हे मी स्वतः सांगणार आहे.

भवानी मंडपातनं चप्पल लाईनीत शिरलो. मला नागपूरला न्यायला एक जोड पाहिजे होता, साधा नको, कापशी पद्धतीचा. आता मोबाईल माझ्या हातात, आण्णा दमलेले, तिथं पण दुकानदारानं आम्हाला बाहेरचे समजून किंमत सांगितली. आण्णांनी काही न बोलता चप्पल उचलली, उलटी केली, टाच दोन्ही अंगठ्यांनी दाबली, मग तळ मधोमध वाकवला आणि कानाजवळ नेला. शिवण एका दोऱ्यात सलग आहे का बघितलं, कान तळात नीट बसवलेत का बघितले, पट्ट्यावरची वेणी नखानं हलवून बघितली. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असलं की त्याला एक तुरट वास येतो, तो त्यांनी घेतला, मग मला दिली, घे वास. मग म्हणाले, "बोला, आता किती?" दुकानदार हसला, त्यानं आतनं दुसरा जोड काढला आणि नीट किंमत सांगितली. २०१९ ला कोल्हापुरी चप्पलला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, पण चांगला जोड कसा ओळखायचा हे असं हातानं शिकवायला लागतं. मी चौतीस वर्षं घालते आणि मला हे माहीत नव्हतं. घरी गेल्यावर रात्री तेल लावून ठेव, पहिले चार दिवस चावणार, मग पायाची होणार, हे पण त्यांनीच सांगितलं.

दुपारी घरी. रविवार म्हणजे मटण हे आमच्याकडं सांगायला लागत नाही, आईनं तांबडा पांढरा करून ठेवला होता. पांढरा रस्सा चार वाट्या प्याले आणि तिथंच चटईवर आडवी झाले, पाय ठणकत होते. आई मसाला पॅक करून देत होती, दोन किलो कांदा-लसूण चटणी, वरनं तीन पिशव्या बांधलेल्या. आई काही बोलत नव्हती दिवसभर. गाठी मात्र फार घट्ट मारत होती.

चारला परत निघालो. खासबाग मैदान तर घराजवळच. शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेले होते तेव्हा त्यांनी रोममधलं ते प्राचीन मैदान बघितलं आणि तसं आपल्याकडं कुस्तीला पाहिजे म्हणून हे बांधलं, १९१२ ला पुरं झालं. मधे आखाडा खोलगट आणि भोवतीनं चढत गेलेली बसायची जागा, कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. आण्णा वरच्या कडेला बसले आणि हातानं दाखवत होते, तिथं अमुक पैलवान चितपट झाला, तिथं आम्ही बसायचो, मिल सुटली की डबा घेऊन सरळ इकडं.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. यावर मला फार लिहिता येणार नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती होती. आमच्या गच्चीवरनं ज्वाळा दिसत होत्या. पॅलेस थिएटर म्हणून महाराजांनीच बांधलेलं ते, शंभर वर्षांहून जुनं, त्या स्टेजवर मी सातवीच्या गॅदरिंगला नाचले होते, विंगेत लाकडाचा आणि धुळीचा जो वास यायचा तो मला अजून आठवतो. त्या रात्री रस्त्यावर म्हातारी माणसं उभं राहून रडत होती, नट होते, बॅकस्टेजवाले होते, नाटकाशी काही संबंध नसलेले पण होते. आता परत उभं करायचं काम चाललंय. पत्र्याच्या फटीतनं बघितलं थोडा वेळ. उघडेल तेव्हा मी सुट्टी काढून येणार, हे नवऱ्याला आधीच सांगितलंय.

खरी कॉर्नरला तो दगडी कॅमेरा, बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा. शंभर वर्षांपूर्वी या गावातल्या माणसांनी स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढले. मी त्याचा फोटो काढला, आणि खरं तर एवढाच फोटो मला नीट आला दिवसभरातला.

रंकाळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य हातभर वर होता. टॉवरच्या बाजूला पायऱ्यांवर बसलो. पलीकडं शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ. आबालाल रहिमान इथं आणि कोटितीर्थावर बसून चित्रं काढायचे, पाण्यावरचा उजेड, आणि मी तिथं बसून बघत होते तर उजेड खरंच दर दोन मिनिटांनी बदलतो, आधी पिवळा, मग तांब्यासारखा, मग पाण्यावरची बारीक लाट तेवढी गुलाबी आणि मधलं पाणी काळं. आम्ही इथं कायम भेळ खायला यायचो, गर्दीत, गाडी लावायला जागा शोधत. नुसतं बसून सूर्य पूर्ण बुडेपर्यंत कधी बघितलं होतं, आठवत नाही.

आण्णांनी रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सांगितली, जशी मला लहानपणी सांगायचे अगदी तशीच. नंदी रोज एक गहू पुढं सरकतो आणि एक तांदूळ मागं येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्याच्या पाण्याला लागेल त्या दिवशी प्रलय. मी लहान असताना घाबरायचे, घरी जाऊन गहू आणि तांदूळ शेजारी ठेवून कितीचा फरक पडतो बघायचे. आण्णांना ते लक्षात होतं. म्हणाले, "तू मोजलं होतंस की. मला म्हणालीस, आण्णा, लई वेळ लागतोय त्याला, काळजी करू नका."

सूर्य गेला तसा मी विचारलं, आत्ता किरणं महाद्वारातनं कुठवर गेली असतील. आण्णांनी मागं देवळाच्या दिशेला बघितलं आणि म्हणाले, "अजून नाहीत आत. पंधरा दिवस हाईत की." मी काही बोलले नाही. ते म्हणाले, "आल्यावर फोन करतो. व्हिडिओ लावतो. पोरीला पण दाखव."

परत जाताना चालत नाही झालं. आण्णांचा गुडघा सुजला होता, ते लपवत होते पण पायरी उतरताना कळलं. मी रिक्षाला हात केला. आमच्याकडं रिक्षा सजवायच्या स्पर्धा असतात, ही पण तसलीच होती, आतनं लाल गादी, आरशाला मोगऱ्याचा गजरा, टपाला आतनं बारीक दिवे. रिक्षावाल्यानं माझा मोबाईल, चप्पलची पिशवी आणि आण्णांचा मफलर आरशातनं बघितला आणि विचारलं,

"पावणं कुठनं आलायसा?"

आण्णा काहीतरी बोलणार, त्याच्या आधी मी म्हटलं, "मंगळवार पेठ."

तो मागं वळला. "मंगळवार पेठ? मग फुटबॉलला पाटाकडील तालीम?"

"पाटाकडीलच की."

"आम्ही शिवाजी पेठ," तो म्हणाला, आणि मग घर येईपर्यंत मागच्या रविवारच्या मॅचवरनं आण्णांचं आणि त्याचं जे जुंपलं, त्यात मीसुद्धा मधे पडलो.